डिसोल्यूशन पास झाले म्हणजे गोळीत स्फटिक नाहीत असे नव्हे: औषध नियामक आणि औषधकोश समित्यांना खुले पत्र

प्रति,
तोंडावाटे घ्यायच्या विषाणूरोधी औषधांना परवाना देणारे औषध नियामक,
औषधकोशांच्या समित्या
आणि स्थिरता-अहवाल तपासणारे सर्व अधिकारी

विषय: रिटोनाव्हिर आणि तत्सम औषधांच्या तयार गोळ्यांमध्ये स्फटिकरूपाची थेट तपासणी सक्तीची करण्याबाबत

महोदय, महोदया,

स. न. वि. वि.

ऑक्टोबर १९९९ मध्ये मान्य झालेल्या आयसीएच (औषधांचे तांत्रिक निकष ठरवणारी आंतरराष्ट्रीय परिषद) च्या क्यू६ए या मार्गदर्शक सूत्रात स्फटिकरूपांविषयी, म्हणजे एकाच औषधाचे रेणू ज्या निरनिराळ्या रचनांत स्फटिक होतात त्यांविषयी, एक सूचना आहे. तिचा आशय असा: तयार औषधात स्फटिकरूप बदलले की नाही हे मोजणे तांत्रिकदृष्ट्या फार अवघड असते, तेव्हा सहसा डिसोल्यूशनसारख्या (ठरावीक वेळात गोळीतले किती औषध विरघळते हे पाहणाऱ्या) पर्यायी चाचणीवर भागवावे आणि स्फटिकरूपाची चाचणी अगदी शेवटचा उपाय म्हणून ठेवावी. त्या काळच्या उपकरणांकडे पाहता हा सल्ला वाजवी होता. पण आज त्याचा अर्थ व्यवहारात असा लावला जातो की, डिसोल्यूशन पास झाले की स्फटिकरूपाचा प्रश्न मिटला. कच्च्या मालाच्या प्रमाणपत्रावर एक्सआरडीचा (स्फटिकरूप ओळखणाऱ्या क्ष-किरण विवर्तनाचा) आलेख जोडलेला असतो, पण तयार गोळीच्या २४ महिन्यांच्या स्थिरता-तक्त्यात स्फटिकरूपाचा रकानाच नसतो. अस्फटिक, म्हणजे रेणूंची शिस्तबद्ध रचना नसलेल्या, अवस्थेत ठेवलेल्या विषाणूरोधी औषधांसाठी हा क्रम उलटा करावा, एवढीच आमची मागणी आहे. का आणि कसे, ते तपशिलात मांडतो.

आम्ही रिटोनाव्हिरपासून सुरुवात करतो, कारण या विषयातला सगळ्यात महागडा धडा याच रेणूने दिला आहे आणि आज तो पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक ठिकाणी तयार होतो. एचआयव्हीच्या उपचारात तो आता मुख्यतः दुसऱ्या औषधाचा आधार म्हणून दिला जातो: यकृतातील सीवायपी३ए४ या विकराला तो अडवतो, त्यामुळे जोडीचे औषध रक्तात टिकते. कोविडसाठीच्या निर्माट्रेल्व्हिरसोबतही १०० मिलिग्रॅम रिटोनाव्हिर याच कारणासाठी असते. मार्च २०२२ मध्ये मेडिसिन्स पेटंट पूलमार्फत ३५ कंपन्यांना या जोडीसंबंधीचे परवाने मिळाले. यातला धोका नीट लक्षात घ्यावा. रिटोनाव्हिर पुरेसे शोषले गेले नाही तर केवळ एक औषध कमी पडते असे होत नाही; जोडीच्या औषधाची पातळीही घसरते, आणि अर्धवट पातळीत वाढणारा विषाणू प्रतिरोध शिकतो. रुग्णाने गोळी वेळेवर घेतलेली असते. चूक गोळीच्या आत झालेली असते.

१९९६ मध्ये हे औषध कॅप्सूलमध्ये आले. कोरड्या घनरूपात ते शरीरात नीट शोषले जात नव्हते, म्हणून कॅप्सूलमध्ये ते विरघळलेल्या अवस्थेत भरले होते. त्यामुळे स्फटिकरूपावर नियंत्रण ठेवण्याची गरज कोणाला वाटली नाही, आणि नियमही तसे मागत नव्हते: जे विरघळलेलेच आहे त्याला रूप कसले? सुमारे २४० बॅचेस निर्वेध निघाल्या. १९९८ च्या मध्यावर काही बॅचेस डिसोल्यूशनमध्ये नापास होऊ लागल्या. कॅप्सूल उघडून पाहिल्यावर आत बारीक स्फटिक पडलेले दिसले, आणि ते ओळखीच्या रूपाचे नव्हते. हे रूप २. अल्कोहोल-पाण्याच्या मिश्रणात त्याची विद्राव्यता आधीपासून ओळखीच्या रूप १ च्या साधारण चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतकीच होती. म्हणजे जे द्रावण रूप १ च्या हिशेबाने सुरक्षित होते, तेच रूप २ च्या हिशेबाने चौपट अतिसंपृक्त ठरले, म्हणजे त्यात मावते त्याच्या चौपट औषध होते. अॅबट कंपनीला कॅप्सूल बाजारातून काढून घ्यावी लागली. रुग्णांना काही काळ कडू द्रवरूप औषधावर राहावे लागले, १९९९ मध्ये फ्रिजमध्ये ठेवायची मऊ कॅप्सूल आली आणि खोलीच्या तापमानाला टिकणारी गोळी यायला २०१० उजाडले.

आता मूळ कारणाकडे. रेणू तोच, सूत्र तेच. फरक त्याच्या एका सांध्यात आहे. रूप १ मध्ये रेणूतील कार्बामेट गट ट्रान्स मांडणीत (दोन टोके विरुद्ध बाजूंना) असतो, रूप २ मध्ये सिस (एकाच बाजूला). सिस मांडणीत रेणूची हायड्रोजन बंध देणारी आणि घेणारी टोके एकमेकांना नेमकी सापडतात, स्फटिक घट्ट बांधला जातो आणि म्हणून तो कमी विरघळतो. पण द्रावणात रेणूला ही मांडणी परवडत नाही. त्यामुळे रूप २ चे पहिले बीज पडायलाच फार काळ लागतो. एकदा पडले की मात्र पुढे थांबवणे कठीण. शोधाअंती पुढे आलेले स्पष्टीकरण असे की, औषधाच्याच एका विघटनज अशुद्धीने, जिच्यात कार्बामेट वलयात अडकून पडलेला असतो, साच्याचे काम केले. अशुद्धतांच्या मर्यादा ठरवताना आपण विषारीपणाचा हिशेब करतो. एखादी अशुद्धी स्फटिकाचा साचा होऊ शकते का, हा प्रश्न त्या तक्त्यात कुठेच नसतो.

२४० हा आकडा आम्ही मुद्दाम सांगितला. स्थिरतेसाठी आपण सहसा तीन बॅचेस मागता. अशुद्धतेची वाढ तीन बॅचेसवरून बऱ्यापैकी बांधता येते, कारण ती रासायनिक क्रिया आहे आणि तापमानाबरोबर ठरावीक तऱ्हेने वाढते. बीज पडणे ही तशी क्रिया नाही. तिच्यात योगायोगाचा भाग मोठा असतो. एक बॅच २४ महिने स्वच्छ राहील आणि तिच्याच शेजारची सातव्या महिन्यात ढगाळेल. म्हणून ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेच्या सहा महिन्यांवरून स्फटिकीकरणाचे भाकीत काढणे शास्त्राला धरून नाही. आणि सगळी रूपे सापडली असेही कधी म्हणता येत नाही. २००३ मध्ये दोन हजारांवर प्रयोग एकाच वेळी करून शोध घेतला तेव्हा रिटोनाव्हिरची आणखी तीन रूपे हाती आली: एक नवे अस्थिर रूप, एक जलयुक्त आणि एक फॉर्मामाइडयुक्त. त्यानंतर २०२२ मध्ये, रूप २ प्रकट होऊन २४ वर्षे उलटल्यावर, वितळलेल्या औषधाला स्फटिक होऊ देताना आणखी एक नवे रूप सापडले.

आजची गोळी वेगळ्या तत्त्वावर उभी आहे. औषध कोपोव्हिडोनसारख्या पॉलिमरमध्ये वितळवून, एक्स्ट्रूडरमधून (तापवून पट्टीसारखे बाहेर ढकलणाऱ्या यंत्रातून) काढून, थंड करून, दळून गोळी दाबतात. औषध पॉलिमरमध्ये रेणूपातळीवर विखुरलेले आणि गोठलेले असते, स्फटिक नसते. गोठलेले हा शब्द इथे महत्त्वाचा, कारण ही अवस्था स्थिर नाही. ती फक्त हालचाल मंद असल्यामुळे टिकून असते. आणि ही हालचाल किती मंद आहे ते काचसंक्रमण तापमानावरून, म्हणजे टीजीवरून कळते; त्याच्या खाली पदार्थ काचेसारखा कडक असतो, वर मऊ.

हिशेब करून पाहू. रिटोनाव्हिरचा टीजी ५० अंश सेल्सिअसच्या आसपास, कोपोव्हिडोनचा सुमारे १०५. औषध १५ टक्के आणि पॉलिमर ८५ टक्के धरले तर फॉक्सच्या समीकरणाने मिश्रणाचा टीजी सुमारे ९५ अंश येतो. साठवणीचे तापमान टीजीच्या किमान ५० अंश खाली असावे हा क्षेत्रातला ढोबळ नियम, त्यानुसार ४० अंशांनाही गोळी निर्धास्त. आता याच मिश्रणात ४ टक्के पाणी घाला. पाण्याचा स्वतःचा टीजी उणे १३७ अंश आहे, त्यामुळे मिश्रणाचा टीजी एकदम ७२ अंशांवर उतरतो आणि ४० अंशांना फक्त ३२ अंशांचे अंतर उरते. १० टक्के पाणी घाला: टीजी ४२ अंश. म्हणजे ४० अंशांच्या कपाटातली गोळी आता जेमतेम काच उरली, ती चिकट रबरासारखी होण्याच्या काठावर आली आणि आतले रेणू कितीतरी मोकळेपणाने हलू लागले. कोपोव्हिडोन पाणी ओढणारा पदार्थ आहे. दमट हवेत उघड्या राहिलेल्या गोळीला १० टक्के गाठणे जड नाही. सूत्रात सॉर्बिटान मोनोलॉरेटसारखा मऊ करणारा घटक असेल तर आकडे आणखी खाली येतात. आम्ही हे समीकरण अंतिम सत्य म्हणून पुढे करत नाही, हायड्रोजन बंध असले की ते चुकते. पण कोणत्या दिशेला आणि किती वेगाने घसरण होते, हे दाखवायला ते पुरेसे आहे. प्रत्येक अर्जात हा हिशेब मोजलेल्या पाण्यासह आणि मोजलेल्या टीजीसह असलाच पाहिजे. आज तो बहुतेक वेळा फक्त कोरड्या एक्स्ट्रूडेटसाठी केलेला असतो.

कारखान्यात हे कुठे बिघडते तेही सांगतो, कारण निरीक्षकाने नेमके काय विचारावे हे त्यावर ठरते. एक्स्ट्रूडरमध्ये रूप १ सुमारे १२२ अंशांना वितळते. उष्णतेने विघटन होऊ नये म्हणून अनेकजण त्याच्या जवळपास किंवा किंचित खालीच बॅरल चालवतात आणि औषध पॉलिमरमध्ये विरघळण्यावर भरवसा ठेवतात. हे चालते, पण आत राहण्याचा वेळ कमी पडला किंवा कच्च्या मालात जाड कण आले की काही स्फटिक न विरघळता पुढे जातात. तेच पुढे बीज होतात. विचारायचा प्रश्न असा: कच्च्या मालात मुद्दाम १ टक्का रूप २ मिसळून, सगळ्यात कमी तापमानाला आणि सगळ्यात जास्त वेगाने एक्स्ट्रूडर चालवून, बाहेर आलेल्या पट्टीत स्फटिक उरतात का हे पाहिले आहे का? रूप २ चा वितळणबिंदू रूप १ पेक्षा तीन-चार अंशच वर आहे, पण ते पॉलिमरमध्ये जास्त हळू विरघळते.

त्यानंतरची जागा म्हणजे दळलेल्या पावडरीची पिंपे. पट्टी असताना पृष्ठभाग थोडा असतो; दळल्यावर तो कित्येक पट वाढतो आणि पावडर हवेतले पाणी झपाट्याने घेते. पिशवी नीट बांधलेली नसेल आणि पिंप आठ-दहा दिवस पडून राहिले, तर नुकसान गोळी बनण्याआधीच झालेले असते. मिलिंगनंतरचा होल्ड टाइम (पावडर किती काळ ठेवता येते ती मुदत) बहुतेक ठिकाणी सूक्ष्मजंतू आणि अशुद्धता यांवरून ठरवलेला दिसतो. तो पाण्याच्या प्रमाणावर आणि एक्सआरडीवर ठरायला हवा. पुढे पाण्यातल्या फिल्म कोटिंगच्या वेळी गोळ्यांचे तापमान ४० ते ५० अंश असते आणि पृष्ठभाग ओला. फवारा जास्त आणि हवा कमी असली की गोळीच्या कडेचा पातळ थर टीजीच्या वर जाऊन येतो. अशा गोळीत स्फटिक मधोमध सापडत नाहीत, कडेला सापडतात. सगळी गोळी कुटून एकत्र तपासली की कडेचे हे स्फटिक सरासरीत बुडतात.

आता डिसोल्यूशनकडे येतो. १९९८ मध्ये डिसोल्यूशननेच हा बिघाड पकडला, हे आम्ही विसरलेलो नाही आणि ती चाचणी काढून टाका असे आम्ही म्हणत नाही. पण आजच्या गोळीसाठी वापरली जाणारी पद्धत साधारण ९०० मिलिलिटर माध्यमात भरपूर सर्फॅक्टंट (साबणासारखा, विरघळायला मदत करणारा पदार्थ) घालून चालते. रिटोनाव्हिर आम्लात थोडे तरी विरघळते, पण पीएच ६.८ ला त्याची विद्राव्यता प्रति मिलिलिटर काही मायक्रोग्रॅम एवढीच असते. सर्फॅक्टंटशिवाय १०० मिलिग्रॅम विरघळवणे अशक्य, म्हणून तो घालतात. आणि तो इतका घालतात की पाच-दहा टक्के स्फटिक असले तरी तेही ४५-६० मिनिटांत विरघळून जातात. स्वीकृतीची मर्यादा ८० टक्क्यांच्या आसपास असली तर ९३ टक्क्यांची गोळी बिनबोभाट पास. आतड्यात एवढा सर्फॅक्टंट नसतो. तिथे अस्फटिक औषध थोडा वेळ अतिसंपृक्त राहते आणि त्या वेळात शोषले जाते; गोळीत आधीच स्फटिक असतील तर ते बीज म्हणून काम करतात आणि अतिसंपृक्तता लवकर मोडते. म्हणजे ५ टक्के स्फटिकांचे नुकसान ५ टक्क्यांवर थांबत नाही.

म्हणून आम्ही दुसरी, जोडचाचणी सुचवतो. गोळी आधी ५० मिलिलिटर ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात ३० मिनिटे, मग बफर घालून पीएच ६.८ आणि एकूण २५० मिलिलिटर, सर्फॅक्टंट नाही. नमुने ५, १५, ३०, ६०, १२० मिनिटांना. ०.४५ मायक्रोमीटरच्या गाळणीतून अस्फटिक द्रवाचे अतिसूक्ष्म थेंबही निसटतात आणि आकडा फुगतो, तेव्हा ०.१ मायक्रोमीटरची गाळणी किंवा अतिवेगी सेंट्रिफ्यूज वापरावे. गाळणीला औषध चिकटते, म्हणून पहिले २-३ मिलिलिटर टाकून द्यावेत. मुद्दाम २, ५ आणि १० टक्के रूप २ मिसळलेल्या गोळ्या या चाचणीत वेगळ्या दिसल्या पाहिजेत. दिसल्या नाहीत तर चाचणी बदला.

डीएससीवर, म्हणजे नमुना तापवत त्याचे वितळणे टिपणाऱ्या चाचणीवर, विसंबू नये. प्रति मिनिट १० अंशांनी तापवताना ९५ अंशांच्या पुढे पॉलिमर मऊ होतो आणि उरलेले स्फटिक वितळण्याआधीच त्यात विरघळून जातात. वितळण्याचे शिखर दिसत नाही आणि अहवालात अस्फटिक असे लिहिले जाते. तापवण्याचा वेग प्रति मिनिट १०० अंश केल्यास काही प्रमाणात फसवणूक टळते, पूर्ण नाही.

एक्सआरडीच करावे लागते, आणि नीट करावे लागते. रूप १ चे एक ठळक शिखर ३.३ अंशांवर असते (इथले अंश तापमानाचे नव्हेत, क्ष-किरण वळण्याच्या कोनाचे). पाच अंशांपासून सुरू केलेल्या आलेखात ते दिसणारच नाही, आणि पाचपासून सुरुवात करणे ही अनेक प्रयोगशाळांची सवय आहे. रूप २ ची शोधायची शिखरे ९.५ आणि ९.९ अंशांजवळ. इथे एक सापळा आहे: फिल्म कोटिंगमधल्या टाल्कचे सर्वांत जोरदार शिखरही ९.५ अंशांच्या आसपासच पडते. कोटिंगसकट कुटलेल्या गोळीत ९.५ चे शिखर दिसले तर तो रूप २ असेल किंवा नुसता टाल्क. आणि उलट, टाल्क आहे असे गृहीत धरून खरे रूप २ नजरेआड होऊ शकते. म्हणून कोटिंग स्काल्पेलने खरवडून काढायचे आणि ९.९ चे शिखरही सापडते का हे बघायचे. याशिवाय औषधविरहित गोळीचा आलेख त्याच दिवशी, त्याच यंत्रावर.

नमुना तयार करताना दहा गोळ्या घ्याव्यात, अॅगेटच्या खलात हाताने हलकेच, अर्ध्या-एक मिनिटात फोडाव्यात. बॉल मिल नको. जोराने दळले की असलेले स्फटिकही मोडून अस्फटिक होतात आणि सदोष बॅच निर्दोष दिसते. पावडर मागच्या बाजूने होल्डरमध्ये भरावी म्हणजे कण एकाच दिशेला लोळत नाहीत. मग ८ ते १०.५ अंश एवढीच खिडकी, ०.०२ अंशांच्या पायरीने, प्रत्येक पायरीला २० सेकंद. १२५ पायऱ्या, ४२ मिनिटे. ११-१२ अंशांजवळ कोपोव्हिडोनचा पसरट उंचवटा असतो, त्याच्या उतारावर ही शिखरे बसतात. पायाभूत रेषा यंत्राने आपोआप काढू देऊ नये.

शोधमर्यादा कशाच्या संदर्भात सांगितली आहे, हे अधिकाऱ्यांनी प्रत्येक वेळी तपासावे. ८०० मिलिग्रॅमच्या गोळीत १०० मिलिग्रॅम औषध असेल, तर औषधाच्या ५ टक्के स्फटिक म्हणजे ५ मिलिग्रॅम, म्हणजे गोळीच्या वजनाच्या ०.६ टक्के. एखादा अहवाल पद्धतीची शोधमर्यादा २ टक्के अशी मोघम सांगतो, आणि ती गोळीच्या वजनाची असते. मग तिचा खरा अर्थ औषधाच्या १६ टक्के असा होतो. एवढे स्फटिक त्या पद्धतीला दिसणारच नाहीत. ज्या प्रयोगशाळेत कमी वारंवारतेचा रामन वर्णपटमापक आहे तिने तो जोडीला वापरावा. स्फटिकजाळीची कंपने २०० प्रति सेंटिमीटरच्या खाली दिसतात आणि तिथे अस्फटिक पदार्थ मऊ, पसरट असतो. ध्रुवीकृत सूक्ष्मदर्शकही स्वस्तात चांगला पहारेकरी आहे, फक्त टाल्क आणि स्टिअरेटही त्यात चमकतात हे विसरू नये.

औषधकोश समित्यांना एक स्वतंत्र विनंती. ओळख पटवण्याच्या इन्फ्रारेड चाचणीत अनेक मोनोग्राफमध्ये (औषधकोशातल्या एकेका औषधाच्या निकषपत्रात) एक तरतूद असते: घनरूपातले वर्णपट जुळले नाहीत, तर नमुना आणि संदर्भ दोन्ही एखाद्या द्रावकात विरघळवून, सुकवून पुन्हा वर्णपट घ्यावेत. रेणू तोच आहे का, यासाठी हे ठीक. पण रूप वेगळे असल्याची जी एकमेव खूण हाती आली होती, ती या पायरीने पुसली जाते आणि नोंदवहीत फक्त अनुरूप असे उरते. ज्या औषधाच्या रूपावर शोषण अवलंबून आहे, तिथे ही तरतूद काढावी, किंवा निदान पहिला न जुळलेला वर्णपट नोंदवणे आणि त्याची चौकशी करणे बंधनकारक करावे. बहुरूपता दिसून येते एवढे एक वाक्य मोनोग्राफमध्ये लिहून भागत नाही. संदर्भ आलेख आणि रूपाचा संदर्भ नमुना द्यावा.

प्रश्न एकट्या रिटोनाव्हिरचा नाही, जरी तिथे तो सगळ्यात तीव्र आहे. लॅमिव्हुडिनचे रूप १ पाच रेणूंमागे एक पाणी बाळगते, सुईसारखे वाढते आणि हॉपरमध्ये अडकते. रूप २ द्विपिरॅमिडी, निर्जल आणि ओघाला चांगले. वितळणबिंदू सुमारे १२५ आणि १७७, त्यामुळे इथे डीएससी खरोखर उपयोगी. दळताना रूप १ चे रूप २ होऊ शकते, तेव्हा दळण्याआधीच्या आलेखावर प्रमाणपत्र देऊ नये. असायक्लोव्हिर बाजारात तीन रेणूंना दोन पाणी अशा जलयुक्त रूपात मिळते, म्हणजे वजनाच्या साधारण ५ टक्के पाणी. ओव्हनमध्ये जास्त सुकवले की हे पाणी जाते आणि रूप बदलते, मग तेच पाणी पुढे हवेतून परत येते आणि गोळीच्या कठीणपणात गडबड होते. टेनोफोव्हिर डायसोप्रॉक्सिल फ्युमरेटमध्ये मुख्य शत्रू रासायनिक आहे: पाण्याने एस्टर तुटतो, मोनोएस्टर बनतो, फॉर्मल्डिहाइड सुटतो आणि तो दोन रेणूंना जोडून डायमर बनवतो. तिथे रूपाइतकाच पाण्याचा हिशेब महत्त्वाचा.

कच्च्या मालाबाबत: रूपांचा शोध एकदा केला आणि फाइल बंद केली, असे चालू नये. पुरवठादार, द्रावक, शेवटच्या टप्प्यातला थंड करण्याचा वेग किंवा अशुद्धतांचा नकाशा बदलला की स्लरी चाचणी (रूपे थोड्या द्रावकात ढवळत ठेवून कोणते टिकते ते पाहणे) पुन्हा मागावी. ती स्वस्त आहे. ज्ञात रूपे प्रत्येकी ५०० मिलिग्रॅम, ५ मिलिलिटर द्रावक, आधी द्रावण संपृक्त करून घेतलेले. ५, २५ आणि ५० अंशांना १४ दिवस ढवळत ठेवणे. १, ३, ७ आणि १४ व्या दिवशी थोडे गाळून ओले असतानाच आणि सुकवल्यावर असे दोन आलेख. ओला आलेख वगळला तर द्रावकयुक्त रूप सुकताना नाहीसे होते आणि ते होते हेच कळत नाही. एक नमुना नेहमीच्या अशुद्धतेसह आणि एक मुद्दाम जुना, विघटन झालेला माल घालून चालवावा. १९९८ मध्ये जे घडले ते याच दुसऱ्या नमुन्यात दिसले असते, असा दावा आम्ही करत नाही. पण तो नमुना चालवल्याशिवाय प्रश्न विचारलाच जात नाही.

पॅकिंगविषयी. एचडीपीई बाटलीत ८०० मिलिग्रॅमच्या ६० गोळ्या म्हणजे ४८ ग्रॅम. त्यांना ४ टक्के पाणी गाठायला सुमारे १.९ ग्रॅम पाणी लागते. १ ग्रॅम सिलिका जेल साधारण आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतके पाणी धरते. म्हणजे पुडी बाटलीतली हवा कोरडी करू शकते, गळक्या झाकणाची भरपाई करू शकत नाही. मूळ रिटोनाव्हिर गोळीच्या माहितीपत्रकातही मूळ बाटलीबाहेर दमट हवेत दोन आठवड्यांपेक्षा जास्त ठेवू नये अशी सूचना आहे. तरीही गोळ्या सुट्या करून छोट्या पिशव्यांत किंवा आठवड्याच्या डबीत दिल्या जातात. साध्या पीव्हीसी ब्लिस्टरला अशा गोळीसाठी परवानगी देऊ नये. अॅल्युमिनियम-अॅल्युमिनियम ब्लिस्टर किंवा इंडक्शन सील असलेली बाटलीच मागावी. आणि वापरातली चाचणी सक्तीची करावी: बाटली ३० अंश, ७५ टक्के आर्द्रतेत ठेवून ३० दिवस रोज उघडायची, रोजच्या गोळ्या काढून घ्यायच्या आणि शेवटी उरलेल्या गोळ्यांवर पाणी, टीजी, एक्सआरडी आणि वर सांगितलेली बिनसर्फॅक्टंटची चाचणी करायची. जाता जाता, द्रवरूप रिटोनाव्हिरवर फ्रिजमध्ये ठेवू नका असे छापलेले असते. थंडीने द्रावण अतिसंपृक्त होऊन स्फटिक पडतात. हे वाक्य लेबलवर ठळक अक्षरात असावे, कारण फ्रिज म्हणजे सुरक्षित ही समजूत घरोघरी पक्की आहे.

या मागणीवर दोन आक्षेप येतात. पहिला, खर्च. स्थिरतेच्या प्रत्येक टप्प्यावर ४२ मिनिटांचा एक आलेख आणि आधी एकदाच करायचे पद्धतीचे प्रमाणीकरण. अशुद्धतेसाठी एचपीएलसीवर (घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) जेवढा वेळ जातो त्याच्यापुढे हे किरकोळ आहे. दुसरा आक्षेप खरा आहे: २ टक्के स्फटिक सापडले तर काय, बॅच फेकायची का? लगेच नाही. सुरुवातीला स्वीकृतीची मर्यादा न ठेवता फक्त नोंद मागा. शून्य, ३, ६, ९, १२, १८, २४ महिन्यांचे आलेख, शोधमर्यादा औषधाच्या टक्केवारीत, पाण्याचे प्रमाण शेजारी. एखाद्या बॅचमध्ये शिखर उगवले की ती बॅच आणि तिच्याच कच्च्या मालापासून झालेल्या इतर बॅचेस थांबवून बिनसर्फॅक्टंटच्या चाचणीत तपासायच्या. दोन-तीन वर्षांत निरनिराळ्या उत्पादकांची पुरेशी माहिती जमेल आणि मग मर्यादा आकड्यात ठरवता येईल. आलेखाची मूळ फाइल मागावी, चित्र नव्हे. चित्रात पायाभूत रेषा गुळगुळीत केलेली असते आणि ९.९ अंशांवरचे छोटे टेकाड तिथेच गायब होते.

कळावे,

आपले,
घनरूप औषधांच्या स्फटिकशास्त्रावर आणि स्थिरतेवर काम करणारे काही रसायनतज्ज्ञ व औषधनिर्माते